सेवा बंद, हप्ते चालू : नॉरव्हर्जन्सच्या भाडेकरारांचं प्रकरण

जुलै 2004. अमेरिकेतल्या हजारो छोट्या कार्यालयांना टेलिफोन आणि इंटरनेट पुरवणारी नॉरव्हर्जन्स नावाची कंपनी बुडाली. सेवा थांबली, काही ठिकाणी तर ती मुळात सुरूच झाली नव्हती. पण कार्यालयात बसवलेल्या एका यंत्राचं मासिक भाडं मागणारी पत्रं येत राहिली. ती पत्रं नॉरव्हर्जन्सची नव्हती. बहुतेक ग्राहकांनी ज्या फायनान्स कंपन्यांशी कधी बोलणंही केलं नव्हतं, त्या आता पाच वर्षांचे हप्ते मागत होत्या. ‘सेवाच नाही तर पैसे कसले?’ असं ग्राहक म्हणत होते. फायनान्स कंपन्यांचं उत्तर तयार होतं : सेवा हा तुमचा आणि नॉरव्हर्जन्सचा मामला आहे, आम्ही फक्त यंत्र भाड्याने दिलंय आणि यंत्र तुमच्याकडे आहे.

कार्यालयीन उपकरणांच्या भाडेकरारांत जे जे बिघडू शकतं, ते जवळपास सगळं या एका प्रकरणात सापडतं. वीस वर्षं उलटली तरी फोटोकॉपी मशीन, सर्व्हर, फोनयंत्रणा किंवा छपाईयंत्र लीजवर घेणाऱ्याने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. कारण यात फसलेले लोक भाबडे नव्हते. त्यांत कंत्राटदार होते, दवाखाने चालवणारे डॉक्टर होते, ना-नफा संस्था होत्या, पतसंस्थाही होत्या. रोज करार करणारी ही माणसं. त्यांनी नीट पाहिलं होतं ते दरांकडे. करार पुढे दुसऱ्याच्या हाती गेला तर काय होईल, हे सांगणाऱ्या दोन परिच्छेदांकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं.

नेमकं काय विकलं गेलं

नॉरव्हर्जन्सचं मुख्यालय न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात होतं. स्वतःचं टेलिफोन जाळं तिच्याकडे नव्हतं. मोठ्या दूरसंचार कंपन्यांकडून ती घाऊकात सेवा घ्यायची आणि लहान व्यवसायांना विकायची. विक्री करणारा माणूस ग्राहकाची जुनी बिलं मागून घ्यायचा आणि त्यात 30 टक्क्यांच्या आसपास बचत करून देतो म्हणायचा. लँडलाइन, मोबाइल, इंटरनेट, सगळं एका छत्राखाली. ही किमया ‘मॅट्रिक्स’ नावाच्या बॉक्समुळे होते, असं सांगितलं जायचं.

प्रत्यक्षात हा बॉक्स म्हणजे बाजारात मिळणारं, आवाज आणि डेटा एका तारेवर आणणारं साधं उपकरण होतं. किंमत सुमारे दीड हजार डॉलर. बिल कमी करण्याची कोणतीही खास शक्ती त्यात नव्हती. पण कागदोपत्री सगळा भार त्याच्यावर टाकला होता. ग्राहकाने द्यायच्या रकमेतला फार लहान हिस्सा ‘सेवा’ म्हणून दाखवलेला असायचा आणि उरलेला जवळपास सगळा ‘उपकरणाचं भाडं’ म्हणून. भाडेकरार बहुधा 60 महिन्यांचा आणि मध्येच रद्द न करता येणारा. भाड्याचा बॉक्सच्या किमतीशी काहीच संबंध नव्हता, ते ग्राहकाच्या आधीच्या टेलिफोन बिलावरून ठरायचं. त्यामुळे तोच बॉक्स घेणाऱ्या एका ग्राहकाचं पाच वर्षांचं भाडं साडेसात हजार डॉलरांच्या आसपास होतं, तर दुसऱ्याचं तीन लाखांच्या पार.

एक हिशेब करून पाहू. समजा, भाडं महिना 600 डॉलर आहे. 60 महिन्यांचे झाले 36,000. त्यातून यंत्राचे दीड हजार वजा केले तर राहिले 34,500. हे पैसे कशाचे? पुढच्या पाच वर्षांच्या सेवेचे. पण करारात ‘सेवा’ हा शब्दच नाही, आहे तो ‘भाडं’. फायनान्स कंपनी हा करार विकत घेते तेव्हा भविष्यात येणाऱ्या 36,000 वर सूट कापून उरलेली रक्कम नॉरव्हर्जन्सला एकदम देते. म्हणजे पाच वर्षं पुरवायच्या सेवेचे पैसे विक्रेत्याला पहिल्याच आठवड्यांत मिळून जातात. ते विक्रेत्यांच्या कमिशनमध्ये आणि जाहिरातींत खर्च झाले की, जुन्या ग्राहकांना सेवा द्यायला नवे ग्राहक पकडावे लागतात. नव्या विक्रीचा वेग मंदावला की सगळं कोसळतं. बुडण्याचं बी धंद्याच्या रचनेतच पेरलेलं होतं.

फसवणुकीची सगळी कळ या विभागणीत आहे. सेवेचे पैसे सेवेच्या करारात असते, तर सेवा थांबताच ते देणं थांबवायला ग्राहकाला बहुतेक देशांच्या कायद्यात आधार मिळाला असता.

करार हात बदलतो

नॉरव्हर्जन्सने बहुतेक भाडेकरार सही झाल्यावर लगेच फायनान्स कंपन्यांना विकून टाकले. यात बेकायदा काही नाही. येणं दुसऱ्याच्या नावे करून देणं हा व्यापारातला शेकडो वर्षांचा व्यवहार आहे. प्रश्न असा की, विकत घेणाऱ्याला फक्त येणं मिळतं, की त्या येण्यामागची भांडणंही त्याच्या गळ्यात पडतात?

अमेरिकेत व्यापारी व्यवहारांसाठी युनिफॉर्म कमर्शियल कोड नावाची नमुना संहिता आहे आणि जवळपास सगळ्या राज्यांनी ती थोड्याफार फरकाने स्वीकारली आहे. तिच्या 9-403 कलमानुसार, देणेकऱ्याने करारातच ‘विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारी मी करार विकत घेणाऱ्याविरुद्ध मांडणार नाही’ असं लिहून दिलं असेल तर ते त्याच्यावर बंधनकारक ठरतं. त्याला अटी आहेत. घेणाऱ्याने मोबदला दिलेला असावा, सद्भावनेने घेतलेलं असावं आणि तक्रारीची माहिती त्याला नसावी. नॉरव्हर्जन्सच्या भाडेकरारात असं वाक्य होतं.

व्यापारी या वाक्याला ‘हेल ऑर हाय वॉटर’ म्हणतात. आभाळ कोसळलं तरी हप्ता द्यायचाच. यंत्र बिघडलं, विक्रेता पळाला, सेवा बंद पडली, तरी हप्ता चालूच.

हे वाचून फायनान्स कंपन्यांचा राग येणं साहजिक आहे, पण त्यांची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. समजा, एखादी बँक दूरच्या शहरातल्या हजारभर फोटोकॉपी मशीनचे भाडेकरार विकत घेते. प्रत्येक मशीन किती पानं काढतं, दुरुस्तीवाला वेळेवर येतो का, हे ती पाहू शकत नाही. प्रत्येक तक्रार तिच्या दारात येणार असेल तर ती एक तर हे करार घेणारच नाही किंवा एवढी सूट कापेल की सगळ्यांचं भाडं वाढेल. त्यामुळे प्रामाणिक ग्राहकालाही स्वस्त भांडवल मिळतं ते काही अंशी या वाक्यामुळेच. खऱ्या त्रिपक्षीय लीजमध्ये, जिथे ग्राहक स्वतः यंत्र निवडतो, पुरवठादार वेगळा असतो आणि फायनान्स कंपनी फक्त पैसा लावते, तिथे ही रचना न्याय्यच आहे. त्याच संहितेच्या 2ए-407 कलमाने अशा लीजमध्ये यंत्र स्वीकारल्यानंतर हप्त्यांचं देणं अटळ केलं आहे आणि त्याच्या बदल्यात पुरवठादाराची हमी थेट ग्राहकाला मिळते.

नॉरव्हर्जन्सचा व्यवहार मात्र या चौकटीत बसत नव्हता. यंत्र पुरवणारी तीच, भाड्याने देणारीही तीच. फायनान्स कंपनी नंतर आली. त्यामुळे 2ए-407 चा थेट आधार घेणं अवघड होतं आणि लढाई येऊन ठेपली ती 9-403 मधल्या ‘सद्भावना’ आणि ‘माहिती’ या दोन शब्दांवर. बॉक्सची किंमत दीड हजार आणि भाडं तीस-चाळीस हजार, हे करार विकत घेणाऱ्याला दिसलं नसेल का? उपकरणांच्या धंद्यात असलेल्या कंपनीला यंत्राचा बाजारभाव माहीत नसतो, हे मला पटत नाही. न्यायालयांत मात्र यावर एकमत झालं नाही. काहींनी हा मुद्दा साक्षीपुराव्यासाठी खुला ठेवला, काहींनी थेट फायनान्स कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

ग्राहकांचा दुसरा बचाव होता फसवणुकीचा. इथे अमेरिकी कायदा एक बारीक फरक करतो. ‘आपण कशावर सही करतोय हेच कळू दिलं नाही’ ही फसवणूक करार विकत घेणाऱ्याविरुद्धही चालते. ‘खोटी आश्वासनं देऊन सही करवून घेतली’ ही फसवणूक मूळ विक्रेत्याविरुद्ध चालते, सद्भावनेने करार घेणाऱ्याविरुद्ध नाही. नॉरव्हर्जन्सच्या ग्राहकांना आपण भाडेकरारावर सही करतोय हे माहीत होतं. खोटी होती ती बचतीची आणि बॉक्सच्या करामतीची आश्वासनं. त्यामुळे बहुतेकांची तक्रार दुसऱ्या प्रकारात मोडत होती.

आणखी एक कागद ग्राहकांच्या विरोधात उभा राहिला. यंत्र मिळाल्याची आणि ते स्वीकारल्याची पोचपावती. खोकं दारात आलं की ती सहीसाठी पुढे केली जाते. पुढे कोर्टात तीच पावती ‘यंत्र मिळालं, मान्य झालं’ याचा पुरावा म्हणून येते. यंत्र जोडलं गेलं की नाही, चाललं की नाही, याचा तिच्यात उल्लेख नसतो.

खटला कुठे चालवायचा?

खरी पेचाची गोष्ट होती अधिकारक्षेत्राच्या कलमाची. त्याचा आशय असा होता : या कराराला भाड्याने देणाऱ्याचं मुख्य कार्यालय ज्या राज्यात आहे तिथला कायदा लागू होईल, करार दुसऱ्याच्या नावे झाला तर त्या दुसऱ्याचं मुख्य कार्यालय ज्या राज्यात आहे तिथला, आणि सगळे दावे फक्त त्याच राज्यातल्या, भाड्याने देणाऱ्याने किंवा त्याच्या जागी आलेल्याने निवडलेल्या कोर्टात चालतील.

‘करार दुसऱ्याच्या नावे झाला तर’ इथून पुढचा भाग पुन्हा वाचा. सही करताना राज्याचं नाव कोरं आहे. ते कधी भरलं जाईल आणि कोण भरेल, हे ग्राहकाच्या हातात नाही. फ्लोरिडातल्या ग्राहकाचा करार ओहायोतल्या कंपनीने घेतला की त्याने ओहायोत वकील शोधायचा. महिन्याला काहीशे डॉलरच्या हप्त्यासाठी दुसऱ्या राज्यात खटला लढवणं कुणाला परवडतं? अनेकांनी तिथेच हात टेकले. कायद्याच्या पुस्तकात बचाव असला, तरी तो मांडण्याचा खर्च मागणीच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. कराराने होणाऱ्या अन्यायाचा हा सगळ्यांत कमी बोलला जाणारा प्रकार आहे.

या तरंगत्या कलमावर न्यायालयं सरळ दोन दिशांना गेली. इलिनॉयमधल्या आयएफसी क्रेडिट कॉर्पोरेशन या फायनान्स कंपनीने अलियानो ब्रदर्स या बांधकाम कंत्राटदार कंपनीवर इलिनॉयमध्ये दावा लावला. खालच्या कोर्टाने, कलमात ठराविक जागाच नाही म्हणून, दावा फेटाळला. 2006 मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे इलिनॉय ज्यात येतं त्या विभागाच्या, फेडरल अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांनी लिहिलेल्या निकालाचा रोख असा की, दोन व्यापारी पक्षांतलं असं कलम, त्या कलमाबाबतच फसवणूक झाल्याचं दाखवल्याशिवाय, नाकारता येत नाही. सगळा व्यवहार फसवणुकीचा होता म्हणून हे कलम आपोआप पडत नाही. 2008 मध्ये त्याच न्यायालयाने एका पतसंस्थेच्या प्रकरणात, ज्युरीपुढे खटल्याचा हक्क सोडून देणारं कलमही करारातल्या इतर कलमांसारखंच मानायचं असं ठरवलं.

ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2007 मध्ये नेमका उलटा निकाल दिला. प्रकरण होतं प्रेफर्ड कॅपिटल ही ओहायोतली फायनान्स कंपनी विरुद्ध पॉवर इंजिनिअरिंग ग्रुप हा ग्राहक. न्यायालयाने आधी मान्य केलं की व्यापाऱ्यांमधली अधिकारक्षेत्राची कलमं साधारणपणे पाळली पाहिजेत. पण इथे विक्रेता आणि फायनान्स कंपनी यांच्यात करार विकण्याची बोलणी आधीच ठरलेली होती. आपला हा करार ओहायोला जाणार आहे हे एका पक्षाला जवळपास नक्की माहीत होतं आणि दुसऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती. अशा परिस्थितीत ते कलम अवाजवी आहे, ते लागू होणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मला ओहायोचा निकाल जास्त बरोबर वाटतो. व्यापारी माणसाने करार वाचून सही करावी, हे पोझ्नर यांचं म्हणणं तत्त्वतः मान्य आहे. पण वाचूनही जे कळू शकत नाही, त्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर कशी टाकायची? तिथे राज्याचं नाव छापलेलं असतं तर ग्राहकाने विचार केला असता, दर कमी करून मागितला असता, नाही तर उठून गेला असता. जागा कोरी ठेवल्याने ही सौदेबाजीच होऊ दिली गेली नाही.

दिवाळखोरी आणि सरकारचा हस्तक्षेप

30 जून 2004 रोजी धनकोंनी नॉरव्हर्जन्सविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. काही दिवसांतच पुनर्रचनेची शक्यता संपली आणि जुलैच्या मध्यात कंपनी मोडीत काढण्याची प्रक्रिया सुरू झाली. ग्राहकांची संख्या तेव्हा सुमारे 11,000 होती. विक्रेत्याविरुद्ध दाद मागण्याला आता अर्थ उरला नाही, कारण तिथून काही मिळणार नव्हतं. फायनान्स कंपन्यांनी मात्र हप्ते थकलेल्या ग्राहकांवर दाव्यांचा सपाटा लावला. त्यात कराराच्या एका कलमाने भर घातली : हप्ता चुकला की उरलेले सगळे हप्ते एकदम देय. सहा महिन्यांची थकबाकी असलेला ग्राहक एका रात्रीत साडेचार वर्षांच्या भाड्याचा ऋणको झाला.

घरगुती ग्राहकाला अमेरिकेत याविरुद्ध 1970 च्या दशकापासून ढाल आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ‘होल्डर’ नियमानुसार, उधारीवर वस्तू विकणाऱ्याने करारात असं छापावंच लागतं की हा करार पुढे कुणाकडेही गेला तरी ग्राहकाचे विक्रेत्याविरुद्धचे आक्षेप त्यालाही लागू राहतील. पण हा नियम वैयक्तिक आणि घरगुती खरेदीपुरता आहे. धंद्यासाठी यंत्र घेणारा, मग तो दोन खोल्यांत एकटा बसणारा का असेना, त्यात येत नाही. कायदा त्याला आणि हजार कर्मचाऱ्यांच्या कंपनीला एकाच रांगेत उभं करतो.

नोव्हेंबर 2004 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने नॉरव्हर्जन्सवर खोटी विक्री आणि अन्याय्य करार यांबद्दल दावा केला. तरंगतं अधिकारक्षेत्र हाही त्यातला एक आरोप होता. ग्राहकांना लांबच्या कोर्टात ओढणं ही अन्याय्य पद्धत असल्याचं कमिशनने पूर्वी, 1976 च्या स्पीगल प्रकरणात, अपील न्यायालयाकडून मान्य करून घेतलं होतं. जुलै 2005 मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा दिला. रक्कम 18 कोटी 17 लाख डॉलर. बुडालेल्या कंपनीकडून ती वसूल होणं अशक्यच होतं. हुकूमनाम्याचा खरा उपयोग दुसरा होता : जे भाडेकरार नॉरव्हर्जन्सकडेच शिल्लक होते, त्यांची वसुली बंद झाली. विकून टाकलेले करार मात्र त्या हुकूमाच्या बाहेर राहिले.

ते सोडवले राज्यांनी. फ्लोरिडा, टेक्सास, इलिनॉय, न्यू जर्सी अशा अनेक राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, एकेका फायनान्स कंपनीशी बोलणी केली. अनेक समझोत्यांत कंपनी बुडाल्यानंतरच्या थकबाकीचा मोठा भाग, काहींत तर सुमारे 85 टक्के, माफ झाला आणि उरलेला ग्राहकाने भरायचा असं ठरलं. सेवा एका दिवसाचीही न मिळालेल्या माणसाने 15 टक्के का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण परराज्यातला खटला, वकिलाची फी आणि हरण्याची शक्यता यांच्यापुढे ज्यांनी समझोता स्वीकारला त्यांना मी दोष देणार नाही.

समझोता न करणाऱ्यांत आयएफसी क्रेडिट होती. कमिशनने 2007 मध्ये थेट तिच्यावर दावा लावला. या कंपनीला व्यवहाराचं खरं स्वरूप माहीत होतं आणि तरीही तिने करार घेऊन वसुली केली, असा आरोप होता. कंपनीचं म्हणणं, ग्राहकसंरक्षणाचा कायदा धंदेवाल्यांना लागूच नाही. 2008 मध्ये इलिनॉयच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने ते फेटाळलं. लहान व्यावसायिकही त्या कायद्यापुरता ‘ग्राहक’ असू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं. या सगळ्या गुंत्यातलं मला हे सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं, कारण ते सहीखालच्या हुद्द्यापेक्षा समोरच्या माणसाची ताकद पाहतं. 2009 मध्ये आयएफसी स्वतःच दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडच्या कायद्यात हे कसं दिसलं असतं

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 132 प्रमाणे येणं विकत घेणाऱ्याला ते मूळ धनकोविरुद्ध असलेल्या सगळ्या दायित्वांसह आणि न्याय्य हक्कांसह मिळतं. म्हणजे सुरुवात ग्राहकाच्या बाजूने होते. पण लीजच्या छापील करारात ‘भाडं बिनशर्त आणि कोणतीही वजावट न करता देईन’ असं लिहून घेतलेलं असतं आणि मग वाद त्या वाक्याच्या अर्थावर येतो. कोऱ्या अधिकारक्षेत्राचं कलम आपल्या दिवाणी कोर्टात टिकणं कठीण. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, तो पक्षकारांना करारातून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 च्या हकम सिंग विरुद्ध गॅमन प्रकरणात सांगितलं आहे. मात्र तीच पळवाट लवादाच्या कलमातून येते, कारण लवादाचं ठिकाण वादाशी संबंध नसलेल्या शहरातही ठरवता येतं. फायनान्स कंपनीने एकटीनेच लवाद नेमायचा ही जुनी प्रथा 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर धोक्यात आली आहे, आणि तुमच्या करारात असं कलम असेल तर आक्षेप लगेच, लेखी नोंदवावा. उरलेले सगळे हप्ते एकदम मागणाऱ्या कलमाला करार कायद्याच्या कलम 74 ची मर्यादा आहे : दंडाचा आकडा छापलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, हे 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात पुन्हा स्पष्ट झालं.

पहिला हप्ता थांबवण्याआधी

अशा वादांत नीट ठेवलेले कागद कामी येतात. म्हणून सेवा बंद पडते त्या दिवशी काय करावं, हे सांगतो.

रागाने बँकेतली आपोआप वळती बंद करू नका. भारतात तर खात्यात पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. आधी विक्रेता आणि फायनान्स कंपनी, दोघांनाही एकाच मजकुराचं पत्र पाठवा : यंत्राचा क्रमांक, बसवल्याची तारीख, सेवा बंद पडल्याची तारीख, आजवर भरलेली रक्कम. हे पत्र मिळाल्यानंतर जी कंपनी करार विकत घेईल, तिला ‘आम्हाला तक्रार माहीत नव्हती’ म्हणता येणार नाही. करार आधीच विकला गेला असेल तर हस्तांतराच्या दस्ताची प्रत आणि त्याची तारीख मागा. करार सहीच्या आधीपासूनच ठरलेल्या व्यवस्थेनुसार विकला होता का, हे त्यावरून कळतं, आणि ओहायोचा निकाल फिरला तो याच गोष्टीवर.

हप्ता भरणंच भाग असेल तर ‘हक्क राखून, निषेधासह’ असं लिहून भरा. पोचपावतीवर सही करताना यंत्र जोडलं नसेल तर पेनाने तसं लिहा आणि फोटो काढून ठेवा. विक्रेत्याने बचतीचा आकडा तोंडी सांगितला असेल, तर त्याच संध्याकाळी ईमेल करा : ‘आज आपण दरमहा इतकी बचत होईल असं सांगितलंत, तेच गृहीत धरून आम्ही सही करत आहोत.’ त्याने उत्तर दिलं नाही तरी ईमेल नोंदीत राहतो.

आणि सहीच्या आधी एकच प्रश्न विचारा : हे यंत्र आज रोखीने घेतलं तर किती पडेल? विक्रेत्याने उत्तर टाळलं, किंवा सांगितलेली किंमत आणि पाच वर्षांचं भाडं यांत कित्येक पटींचा फरक असला, तर त्या भाड्यात यंत्राखेरीज दुसरं काहीतरी भरलेलं आहे. ते काय आहे हे करारात शब्दांत लिहून मागा, आणि ते मिळणं बंद झालं तर तेवढं भाडं थांबेल, असं एक वाक्य त्याच पानावर घालून घ्या.